वीतभर गोड माती

पालक परत आला तेव्हा आम्ही हौदावर मुळे धूत होतो. मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघराला आमची भाजी सात वर्षं जात होती आणि सात वर्षांत एक जुडी कधी परत आली नव्हती. त्या दिवशी टेम्पो भरून गेला तसाच भरून आला. ड्रायव्हरच्या शेजारी स्वयंपाकघराचा कोठीवाला बसला होता. हा माणूस पाणी प्यायलासुद्धा खुर्चीतून उठत नाही. तो एवढ्या लांब आला म्हटल्यावर मी मुळे हौदातच टाकून उठले.

"किडकी निघाली का हो?" मी ओले हात झटकत विचारलं.

"किडकी असती तर बरं झालं असतं, वहिनी. निवडून घेतली असती," तो म्हणाला. "वरून तपासणी आली होती. सगळ्यांची भाजी नेली त्यांनी. तुमच्या पालकात शिसं निघालंय."

"काय निघालंय?" मुळ्यांच्या ढिगाआडून आमचे सासरे, आबा, म्हणाले.

"शिसं, आबा."

"पेन्सिलीतलं?"

"ते नव्हे. धातू. जड असतो, पोटात गेला की विष म्हणे." कोठीवाल्यानं खिशातून कागद काढला. त्यालाही तो फारसा कळलेला नव्हता. दोन आकड्यांवर त्यानं बोट ठेवलं. "हे एवढं चालतं. आणि हे तुमचं. मुळ्यातही आहे, पण पालकात जास्त. आता पुढचा कागद येईपर्यंत मला तुमची काडीसुद्धा घेता येणार नाही."

आबा उठले, टेम्पोतल्या क्रेटमधून पालकाचं एक पान तोडलं आणि त्याच्यासमोर सावकाश चावून खाल्लं.

"पालक आहे," ते म्हणाले. "पालकासारखा लागतो."

आबांच्या जिभेबद्दल आधी सांगायला हवं. आमचे सासरे माती चाखतात. चिमूटभर उचलायची, खडा काढून टाकायचा, जिभेच्या टोकावर ठेवून टाळूला लावायची आणि थुंकायची. मग सांगायचं, खारट, आंबट, तुरट की गोड. खारट असेल तर पाणी कोंडून धुवायची, आंबट असेल तर चुना टाकायचा, तुरट असेल तर तो तुकडा घ्यायचाच नाही. आसपासचे लोक जमीन घ्यायच्या आधी आबांना स्कूटरवर बसवून चाखायला न्यायचे. कुणाचं काही चुकलं की लोक म्हणतात, माती खाल्ली. आमच्या घरात तो कामाचाच भाग होता. लग्न होऊन आले तेव्हा मला शिसारी यायची, नंतर सवय झाली.

आमची जमीन सगळी मिळून अर्धा एकर. आबांच्या हातात आली तेव्हा पिवळट, कडक आणि वर खार फुललेली होती. त्यांनी आधी पाणी कोंडून खार धुऊन काढला. मग उन्हाळ्यात तळं आटलं की तळातला गाळ आणून टाकायला सुरुवात केली. वीस उन्हाळे टाकला. आधी डोक्यावर पाटीतून, मग ढकलगाडीतून. त्यावर दरवर्षी शेणखत. आज तिथं वर एक वीत काळी, मऊ माती आहे आणि तिच्याखाली तीच जुनी पिवळी. आबांच्या उभ्या आयुष्यातलं काय शिल्लक आहे असं कुणी विचारलं तर ही वीतभर माती दाखवावी लागेल.

आणि टिल्ली. टिल्ली माझी मुलगी, सहा वर्षांची. वर्षभरापासून ती सकाळी आबांच्या मागे वाफ्यांत जायची आणि आबा तिला चाखायला शिकवायचे. "माणसाचं ऐकायचं नाही, जिभेचं ऐकायचं," ते तिला सांगत. "माणूस थापा मारतो. जीभ मारत नाही." टिल्ली डोळे मिटून कुठल्या वाफ्यातली माती ते ओळखायची. मुलाला नाही आली ती विद्या नातीला आली, असं आबा येईल त्याला सांगायचे. माझ्या नवऱ्याला चहा आणि काढा यांतला फरक कळत नाही, त्यामुळे तो या बोलण्याचं वाईट वाटून घ्यायचा नाही.

चार दिवसांनी माती तपासणाऱ्या बाई आल्या. किडकिडीत, डोक्यावर टोपी, स्कूटरला लांब गिरमिट बांधलेलं. त्या न बोलता कामाला लागल्या. अकरा ठिकाणी गिरमिट फिरवलं. प्रत्येक ठिकाणची वरची माती एका पिशवीत, हातभर खालची दुसऱ्या पिशवीत. विहिरीचं पाणी बाटलीत. आबा त्यांच्या मागून फिरत होते. अकराव्या जागेची वरची पिशवी बांधायच्या आत त्यांना राहवलं नाही.

"बाई, यंत्राला देण्याआधी मीच सांगून टाकतो," म्हणत त्यांनी पिशवीतून चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली. "गोड. पहिल्यापासून गोड आहे."

टिल्लीनंही हात घातला. "गोड," ती म्हणाली. "पण आबा, यात नवं शेणखत आहे."

आबांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "ऐकलंत?" ते बाईंना म्हणाले. "सहा वर्षांची आहे!"

बाईंचं पेन कागदावर थांबलं होतं. त्या टिल्लीसमोर उकिडव्या बसल्या. "बाळ, थुंक बघू. पुन्हा थुंक. आता चूळ भर." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "रोज खाते का ही?"

"खात नाही हो. चाखते."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

त्यांनी एका चिठ्ठीवर रक्त तपासणाऱ्याचा पत्ता लिहिला. "हिचं आणि आजोबांचं. दोघांचं. उद्याच न्या." मला तोवर शिशाचं काही वाटत नव्हतं. शिसं म्हणजे काहीतरी कागदावरचं होतं. त्या "उद्याच"नंतर मी टिल्लीला आणखी दोनदा चूळ भरायला लावली.

रक्ताचे आकडे आधी आले. टिल्लीचा आकडा चालतो त्याच्या तिप्पट होता. आबांचा त्याहून कितीतरी जास्त, पण डॉक्टर आबांकडे बघतही नव्हते. "औषध लगेच नको," ते म्हणाले. "माती बंद. हेच औषध. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर मग सुया, सलाईन, सगळं आलं."

"त्यानं होतं काय?" मी विचारलं.

"मोठ्यांचं पोट दुखतं, हात लुळे पडतात. मुलांचं वेगळं. डोक्यावर परिणाम होतो. शिकलेलं राहत नाही, लक्ष लागत नाही. कधी आज काहीच दिसत नाही आणि चार वर्षांनी दिसतं."

तेव्हापासून मी टिल्लीकडे सरळ बघूच शकेना. संध्याकाळी ती दोनाचा पाढा म्हणताना चौदावर अडखळली. हे शिसं की आळस? मी लहानपणी बारावर अडखळायचे, तेव्हा कुठलं शिसं होतं? ती दोनदा चप्पल उलटी घालून गेली. चप्पल तर ती आधीही उलटी घालायची. की हल्ली जास्त घालते? मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मला आठवत नाही," आणि मग स्वतःच घाबरला, की आपल्याला का आठवत नाही.

मातीचा निकाल फोनवर कळला. नवरा अंगणात उभा राहून ऐकत होता, मी आणि आबा त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्यानं फोन ठेवला.

"वरच्या वितीत शिसं आहे. चारशे बारा, म्हणजे चालतं त्याच्या कितीतरी वर," तो म्हणाला. "खालच्या मातीत जवळपास नाही. विहिरीचं पाणी एकदम स्वच्छ."

"पाणी स्वच्छ?" आबा म्हणाले. "अरे, वरचं पाणी झिरपूनच विहिरीत जातं ना? वर विष असेल तर विहिरीत नको का?"

"मी तेच विचारलं. त्या म्हणाल्या, माती धरून ठेवते. खाली जाऊच देत नाही. चिकणमाती आणि शेणखत, दोन्ही शिशाला घट्ट पकडतात. आपली माती फार चांगली आहे म्हणे."

"मग?"

"म्हणून वाईट आहे."

आबांनी माझ्याकडे बघितलं. तिघांतल्या एकाच्याही डोक्यात ते बसेना. माती चांगली, पाणी चांगलं, भाजी दिसायला हिरवीगार, आणि पोरीच्या रक्तात विष.

शेवटी आबांनीच मार्ग काढला. "खारही असाच असतो," ते म्हणाले. "दिसत नाही, जात नाही, पिकात उतरतो. पाणी कोंडलं की सुटतो. मी एकदा काढलाय. पुन्हा काढीन."

पाच दिवस आम्ही माती धुतली. आधी उभं पीक काढावं लागलं. कोवळा पालक, कोथिंबीर, गाजराची बोटभर रोपं. विळ्यानं कापताना हात चालत नव्हता, कारण कापलेलं टाकायचं कुठं तेच कळेना. जनावराला घालायचं नाही, खतात टाकायचं नाही. पोत्यांत भरून, तोंडं शिवून ओट्यावर रचून ठेवलं. तीन दिवसांत त्याला वास सुटला. मग वाफ्यांना गुडघाभर बांध घातले, खालच्या अंगाला चर खणला आणि मोटर सोडली. दिवसभर पाणी भरायचं, मुरू द्यायचं, चरातून निघालेलं ओढ्याला लावायचं. नडगीपर्यंत चिखल. नवऱ्याची कंबर दुसऱ्या दिवशी गेली, तरी तो वाकूनच फावडं मारत होता. सत्तरीचे आबा मात्र विशीतल्यासारखे धावत होते. दर तासाला चरातल्या पाण्यात बोट बुडवून चाखायचे आणि ओरडायचे, "उतरतंय! येतंय बाहेर!"

शेजारचा निवांत चहाचा कप घेऊन बांधावर उभा राहायचा. त्याचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही. काहीही विचारलं की "होईल निवांत" म्हणतो म्हणून निवांत. त्याची जमीन नुसती वाळू. त्यात त्यानं कधी पाटीभर खत टाकलं नाही की गाळ आणला नाही. तो रताळी लावतो आणि झोपतो. आबांनी वीस वर्षं त्याची चेष्टा केली होती.

"आबा, चहा तरी घ्या," तो म्हणायचा.

"तू पी. तुला काम आहे ना चहाचं," आबा म्हणायचे.

टिल्लीला मी वाफ्यांत पाय ठेवायची बंदी केली होती. सकाळ-संध्याकाळ तिची जीभ बघायचे, नखं बघायचे. तिसऱ्या दिवशी तिनं जीभ काढली तर तिच्या कडेला काळं. मी तिला थोबाडीत मारली. मुलीला मारायची आमच्या घरात पद्धत नाही. ती रडली नाही.

"सांगितलं होतं ना, खायची नाही म्हणून?"

"आबा म्हणाले, माणसाचं ऐकायचं नाही. जिभेचं ऐकायचं."

आबा फावडं घेऊन दारात उभे होते. चिखलाचे पाय आत आणावेत की नाही या विचारात असल्यासारखे तिथंच थांबले. "आता नको खाऊस, टिल्ले," ते म्हणाले. "वाईट आहे ती."

"पण गोड आहे," टिल्ली म्हणाली.

आबांनी फावडं खांद्यावर टाकलं. ते परत चराकडे गेले.

आठवड्यानं, वाफे वाळल्यावर, बाई पुन्हा आल्या. त्याच अकरा जागा, तेच गिरमिट. यावेळी चरात उरलेलं पाणी बाटलीत घेतलं आणि निवांतच्या वाळूतूनही एक पिशवी नेली. निकाल सांगायला चार दिवसांनी त्या स्वतः आल्या. आम्ही बांधावरच बसलो. निवांतही कप घेऊन आला.

"चारशे नऊ," बाई म्हणाल्या.

"आधी चारशे बारा होतं," आबा लगेच म्हणाले. "तीन तरी गेलं! अजून पाच दिवस..."

"ते गेलेलं नाही, आबा. मोजताना तेवढं मागंपुढं होतंच. तुमच्या चरातलं पाणीही मी तपासलं. त्यात काही नाही."

"मी चाखलं होतं ते पाणी."

"मीठ पाण्यात विरघळून जातं. शिसं मातीला चिकटून बसलंय. पाण्यानं सुटत नाही. माती आंबट झाली तरच थोडं सुटेल."

आबा ताठ बसले. "मग आंबट करू! ताक ओतू, लिंबू..."

"आणि सुटून जाईल कुठं?"

आबा विहिरीकडे बघू लागले.

"म्हणजे धुवायची नाही, आंबट करायची नाही," माझा नवरा बोटं मोजत म्हणाला. "मग करायचं काय?"

"चुना टाका. शेणखत टाका, भरपूर. म्हणजे माती अजून घट्ट धरेल आणि झाडाला कमी मिळेल. पाला आणि कंद लावायचे नाहीत. फुलं लावा. माती उडू देऊ नका. आणि मुलीला लांब ठेवा."

"इतकं केलं की जाईल?"

"जाणार नाही. इथंच राहील."

"कधीपर्यंत?"

बाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आपण कुणी नसू तोपर्यंत," त्या म्हणाल्या. "दुसरं म्हणजे वरची वीत खरवडून न्यायची. आमच्या कचेरीतून यंत्र पाठवता येतं."

ते ऐकून आबांचा हात शेजारच्या ढेकळावर गेला. मग निवांतनं विचारलं, "माझं काय?"

"तुमची जमीन साफ आहे."

निवांतला आनंद झाला असेल तर त्यानं तो दाखवला नाही. "पण असं कसं?" तो म्हणाला. "बांधाला बांध लागून आहे. वारा तोच, पाऊस तोच."

"हे वाऱ्यानं आलेलं नाही," बाई म्हणाल्या. "कुणीतरी आणून टाकलंय. तुम्ही काय टाकलंत, आबा? बाहेरून काय आणलं?"

"काही नाही. शेणखत आणि तळ्यातला गाळ. गाळ तर सगळेच नेतात."

"सगळे अलीकडून नेतात," निवांत मान खाजवत म्हणाला. "आबा पलीकडच्या कोपऱ्यातून आणायचे. तळ्याला वळसा घालून. मी म्हणायचो, आबा, एवढ्या लांबून कशाला? ते म्हणायचे, तुला जीभ नाही, तुला नाही कळायचं."

"पलीकडं काय होतं?"

"रंगाचा कारखाना. पिवळा रंग करायचे. बंद पडून बरीच वर्षं झाली. त्याची मोरी त्या कोपऱ्यात यायची."

बाई मांडीवरची टोपी हातात फिरवू लागल्या. सांगावं की नाही असं त्यांचं चाललेलं मला दिसत होतं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, असं मला अजून कधीकधी वाटतं.

"आबा, तिथलाच गाळ का आणायचात?"

"गोड होता," आबा म्हणाले. "अलीकडचा तुरट. तिथला गोड."

"पिवळा रंग करायला शिशाचा एक क्षार लागतो," बाई म्हणाल्या. "तो गोड असतो. जुन्या काळी त्याला शिशाची साखरच म्हणायचे."

आबा बांधावरून उठले, परत बसले. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता. हाताआडूनच बोलले.

"मग आता जी गोड लागते, ती शिशामुळं लागते?"

"ते नाही सांगता येणार. इतक्या वर्षांत तो क्षार तसा राहत नाही, मातीला धरून वेगळाच होतो. आता लागतं ते कदाचित चांगल्या मातीचंच असेल."

"कदाचित?"

"कदाचित."

"म्हणजे मी वीस वर्षं काय चाखलं?" आबांनी विचारलं. "माती की विष?"

निवांतनं आपला अर्धा चहा आबांपुढं धरला आणि आबांनी तो घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यानंतर आबा चार दिवस वाफ्यांकडे फिरकले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. नवऱ्यानं कचेरीत चौकशी केली. यंत्र दोन दिवसांत येऊ शकत होतं. वीतभर माती खरवडून ट्रकमध्ये भरून लांब नेऊन टाकणार होते.

"लांब म्हणजे कुठं?" आबांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"असेल कुठंतरी खड्डा."

"कुणाच्या शेजारी?"

नवरा पुन्हा कचेरीत फोन लावायला निघाला.

"नको," आबा म्हणाले. "तिनं धरून ठेवलंय ना? मग तिच्याकडंच राहू दे. मी आणलंय, माझ्या दारात राहू दे."

मला हे पटलं नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलं, की आबा, तुम्हाला माती सोडवत नाही म्हणून तुम्ही असं बोलताय, माझी पोर इथं वाढायची आहे. ते चिडले नाहीत. "तसंही असेल," म्हणाले. खरंच तसं होतं की नव्हतं, मला आजही ठरवता येत नाही.

पाचव्या दिवशी मी टिल्लीच्या दप्तरात काड्यापेटी बघितली. उघडली तर आत काळी माती, व्यवस्थित चाळलेली. माझ्यात ओरडायचंही त्राण नव्हतं. मी ती पेटी नेऊन आबांच्या उशाशी ठेवली आणि म्हटलं, "माझं ऐकत नाही, बापाचं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. तुम्ही तिला कुणाचंच न ऐकायला शिकवलंय."

आबांनी पेटी उघडून बघितली. उठून बसले. तोंड धुतलं आणि टिल्लीला हाक मारली.

दोघं बांधावर गेली. मी हौदाआड उभी राहिले. आबांनी वाफ्यातली चिमूटभर माती घेतली, खडा काढून टाकला आणि रोजच्यासारखी जिभेवर ठेवली. मला वाटलं, हा माणूस वेडा झालाय. टिल्ली त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आबांनी टाळूला लावली आणि एकदम तोंड वाकडं करून थुंकले.

"काय झालं?" टिल्लीनं विचारलं.

"काही लागत नाही."

"गोड आहे ती."

"असेल. मला काहीच लागत नाही. परवापासून चहा लागत नाही, मीठ लागत नाही. नुसती राख." त्यांनी जीभ बाहेर काढून तिला दाखवली. "गेली माझी जीभ, टिल्ले. या मातीनं खाल्ली. मी तिला चाखत होतो ना, ती मला चाखत होती."

"सगळी गेली?"

"सगळी."

टिल्लीनं आपली जीभ बोटानं चाचपली. मग दोन पावलं मागं सरून बांधाच्या अलीकडे उतरली. "माझी पण जाईल?"

"आता थांबलीस तर नाही जायची. तुझी चांगली आहे. माझ्यापेक्षा चांगली. जप तिला."

टिल्लीनं काड्यापेटी स्वतःहून त्यांच्या हातात दिली. मी हौदाआड तोंडात पदर कोंबून उभी होते. आबा खरं बोलत होते की खोटं, मला कळत नव्हतं. शिशानं तोंडाची चव जाते असं डॉक्टरही म्हणाले होते.

त्या दिवसापासून टिल्लीनं आबांची तपासणी सुरू केली. चहात मीठ घालून आणायची. आबा तो पूर्ण प्यायचे आणि कप उलटा करून दाखवायचे. लिंबाची फोड चोखायला द्यायची. आबांची पापणी हलायची नाही. जेवायला बसलं की ती विचारायची, "आबा, भाजी कशी झालीय?" आबा म्हणायचे, "गरम आहे." नवरा मला म्हणाला, आबांना आता खरंच काही कळत नाही बहुतेक, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू या.

दोन महिन्यांनी टिल्लीच्या रक्तातलं शिसं उतरलं. तिप्पट होतं ते दुपटीच्याही खाली आलं. डॉक्टर हसले. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडले आणि टिल्लीनं मला दोनाचा पाढा चौदा ओलांडून वीसपर्यंत म्हणून दाखवला.

दुसऱ्या दिवशी टिल्ली शाळेत होती. नवरा चुन्याची पोती आणायला गेला होता. मी आबांना एकट्यांना वाढलं. दोन घास झाल्यावर ते सहज म्हणाले, "सूनबाई, भाजीत मीठ जरा कमी पडलंय."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आबांनी मान वर केली नाही. मी मीठ पुढं सरकवलं. त्यांनी दाराकडे एकदा बघून चिमूटभर घेतलं, कालवलं आणि गुपचूप जेवले. दोन महिने हा माणूस खारट चहा आणि आमची बोलणी गिळत होता आणि मला पत्ता नव्हता. मला त्यांचा राग होता, तो कुठं गेला मला कळलं नाही.

हल्ली वाफे वरून पांढरे दिसतात. चुना विसकटला, त्यावर ढीगभर शेणखत गेलं, झेंडूची रोपं लागली. फुलं कोण घेईल, किती घेईल, काही ठाऊक नाही. दवाखान्याच्या स्वयंपाकघराला आता निवांतची रताळी जातात. तो रोज अर्धा चहा आबांना आणून देतो.

काल संध्याकाळी आबा बांधावर बसून रोपांना पाणी लागतंय का बघत होते. टिल्ली मूठ घट्ट मिटून धावत आली.

"आबा, डोळे मीट. जीभ काढ."

आबांनी डोळे मिटले, जीभ काढली. टिल्लीनं मूठ उघडून चिमूटभर काहीतरी त्यांच्या जिभेवर ठेवलं. मी पाणी वाफ्यात सोडायला पाटाचा दंड फोडत होते, तिथून मला ते पांढरं दिसलं. आबांनी तोंड मिटलं. थोडा वेळ मिटलेलंच ठेवलं.

"काय आहे?" टिल्लीनं विचारलं.

"वाळू आहे का गं?" आबा म्हणाले आणि बाजूला तोंड करून थुंकले.

टिल्लीचा चेहरा पडला. ती त्यांच्याजवळ सरकून बसली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"साखर होती, आबा," ती हळूच म्हणाली. "साखर. ती गोड असते. तू घाबरू नकोस. तुला जे कळणार नाही ते मी सांगत जाईन."

"सांगत जा," आबा म्हणाले. साखरेचा एक दाणा त्यांच्या ओठाला चिकटला होता. तो त्यांनी तसाच राहू दिला.